मी पुस्तकात मारलेला माणूस

माझी सगळी पुस्तकं एका फळीवर मावतात आणि शेजारी लोणच्याची बरणी ठेवायला जागा उरते. एकूण सतरा. त्यांतली सोळा मुलांची, मुलांच्या आयांची, नाहीतर शेतकऱ्यांची. शेपटी ओढली की जीभ बाहेर काढणारा वाघ. भोकातून बोट घातलं की ज्याला सोंड येते तो हत्ती. रानभाज्या कशा निवडाव्या, कशा शिजवाव्या. लग्नात घ्यायचे नवे उखाणे. धानावरच्या किडीचं एक चोपडं, जे शेतकऱ्यांनी वाचलं नाही आणि किडीनेही मनावर घेतलं नाही. चांद्यात अजून कोणी जुना विद्यार्थी भेटला तर "वाघवाले मास्तर" म्हणून वाकतो आणि मी त्याला वाकू देतो.

सतरावं पुस्तक मी कोणाला दाखवत नाही. ते लढाईनंतरच्या माणसांचं आहे. नागपूरच्या शहाण्यांनी वाखाणलेलं ते माझं एकमेव पुस्तक, आणि त्यात मी एक जिवंत माणूस मारला. चुकून मारला असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. आता वय झालं, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. चुकून नव्हता मारला.

मी चांद्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. हातात कात्री आली की मला कागदाचं काहीही करता येई. एका दिवाळीत शाळेसाठी केलेला कागदी वाघ नागपूरच्या एका प्रकाशकाने पाहिला आणि त्याचं पुस्तक झालं. कारखान्यात बायांनी खळ जास्त लावली, म्हणून निम्म्या प्रतींत वाघाची जीभ आतच चिकटून बसली. मुलं रडली, पालकांची पत्रं आली, तरी पुस्तक खपलं. मग हत्ती आला. मग अस्सल वस्तू डकवलेलं एक पुस्तक केलं, त्यात धानाची लोंबी, मोराचं पीस आणि वाळकं बोर होतं. ते गोदामातच उंदरांनी संपवलं. माझं इतक्या आवडीने वाचलेलं दुसरं पुस्तक नाही.

प्रकाशक माणूस वाईट नव्हता. त्याला वाचकाची नाडी कळे, आणि ज्याला नाडी कळते तो सगळ्यांना एकच काढा देतो. "मास्तर, पान उलटलं की काहीतरी झालं पाहिजे," हे त्याचं एकच वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलं. मुलांच्या पुस्तकात ते खरंही आहे.

पण मला खाज होती. नागपुरात एका साहित्यिक बैठकीला गेलो होतो. तिथे एका गृहस्थांनी माझी ओळख करून देताना स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवली आणि सगळे हसले. मीही हसलो. परतीच्या गाडीत मात्र मी ठरवलं: असं काही लिहायचं की हे लोक उठून उभे राहतील. इथे कोणाच्या दुःखाचा कळवळा नव्हता. मला माझ्या अपमानाची भरपाई हवी होती.

विषय दाराशीच होता. जपानशी चाललेल्या लढाईच्या वर्षांत आमच्या जिल्ह्यातून पुष्कळ माणसं आसामकडे सडका करायला नेली होती. बंदूक कोणाच्या हाती दिली नाही. कुऱ्हाड, फावडं आणि घमेलं. जंगलातली माणसं, झाडं तोडायला बरी. काही परत आली, काही आली नाहीत, आणि कोणी कोणाला विचारलं नाही. देश नवा झाला होता, जुन्या लढाईचं कोणाला काय पडलं होतं? मी दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या त्या माणसांना शोधण्यात घालवल्या. एटापल्लीच्या बाजूला पायी फिरलो, दुभाषा घेऊन माडिया गोंडांच्या गावांत बसलो. गडचिरोलीकडच्या धानाच्या गावांत तर भाषेचीही अडचण नव्हती. चांद्याहून छोट्या गाडीने मूल गाव, तिथून मोटारीने वैनगंगेचा काठ, आणि पुढे नदीपार न्यायला डोंगा, लहानशी होडी.

हा डोंगा चालवणारा ढीमर स्वतःच आसामला जाऊन आलेला निघाला. मला तर घबाड सापडलं. तो वल्हं मारता मारता सांगायचा आणि मी मांडीवर वही ठेवून लिहायचो. त्याच्याच गावचा एक कुणबी त्याच्या टोळीत होता. दोघं शेजारी झोपायचे, एका भांड्यात रांधायचे. कुणब्याने ढिमराच्या हातचं खाल्लं हे गावात सांगायचं नाही, असं त्याने मला दोनदा बजावलं. मग त्या कुणब्याला ताप भरला. टोळीला पुढे जायचा हुकूम आला. आजारी माणसं छावणीत राहिली.

"मंग मले त्याचा पत्ता नाई," ढीमर म्हणाला. "मी वापस आलो, तो नाई आला."

मी वहीत तेवढंच लिहिलं. वही अजून आहे, माझंच अक्षर आहे, मला पळवाट नाही.

प्रकाशकाने हस्तलिखित वाचलं आणि बाकी प्रकरणं बरी म्हणून याच प्रकरणावर बोट ठेवलं. हा माणूस मेला की जगला, त्याने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, मग वाचकाने रडायचं की नाही रडायचं, ते तरी सांगा. मी रागावून घरी आलो. राग खरा होता, पण दोन दिवसांत उतरला. तिसऱ्या दिवशी मी बसलो आणि एका बैठकीत हे लिहिलं: "तिसऱ्या पहाटे त्याने गावाच्या दिशेला मान वळवली. सोबत्यांनी त्याला मोहाच्या एका झाडाखाली माती दिली आणि उशाशी त्याचा टिनाचा मग पालथा घातला." वर त्याचं नाव होतं, बापाचं नाव होतं, गावाचं नाव होतं. बातमीदारी म्हणजे नावगाव हवंच, असं मला वाटे.

लिहून झालं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्याच थापेने रडणारा माणूस म्हणजे लेखक, ही व्याख्या मला तेव्हापासून पटलेली आहे. प्रकाशकाने त्यासाठी माझ्यावर जबरदस्ती केली असं मी मागे एका भाषणात सुचवलं होतं. त्याने फक्त विचारलं होतं. लेखणी माझ्या हातात होती.

पुस्तक आलं. नागपूरच्या एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं, त्यात त्या पालथ्या मगाचा खास उल्लेख होता. "इथे लेखक डोळ्यांनी पाहिलेलंच लिहितो," असं परीक्षणकर्त्याने म्हटलं होतं. मी ते कात्रण खिशात घेऊन फिरलो. शाळेतल्या सहकाऱ्यांना वाचायला दिलं, आणि ते मिळेपर्यंत परत परत मागितलं.

पुढच्या सुट्टीत डोंग्यात बसलो तेव्हा ढीमर नेहमीसारखा बोलला नाही. अर्ध्या नदीत म्हणाला, गावात पुतळा जाळला, तुमच्या पुस्तकावरून. मला कळेना. मग त्याने सगळं सांगितलं.

आमच्याकडे परमुलखात गेलेल्या माणसाची खबर नसेल तर बारा वर्षं वाट पाहतात. बारा वर्षं बाई कुंकू लावते, बांगड्या भरते. बारा उलटली की भटजी बोलावतात, पळसाच्या काड्या आणि पानांचा माणसाएवढा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मग तो माणूस मेला, आणि बाई रांडव झाली. पण मेल्याची खात्रीची बातमी आली तर बारा वर्षं थांबायचं कारण नाही. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी माझं पुस्तक मारुतीच्या देवळापुढे मोठ्याने वाचलं. त्यात नाव होतं, बापाचं नाव होतं, गावाचं नाव होतं, झाड होतं आणि टिनाचा मग होता. आणखी कसली खात्री हवी? तो जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. भटजी आला, पुतळा जळला, तिने बांगड्या फोडल्या. काही महिन्यांतच त्याच्या धाकट्या भावाने तिच्याशी पाट लावला. त्यात कोणी वावगं काही केलं नाही, आमच्याकडच्या शेतकऱ्यांत ही रीत आहे. शेतवावर त्याच्याकडे होतंच, आता बाईही घरातच राहिली.

ढिमराने वल्हं थांबवलं आणि विचारलं, तुम्हाला आणखी कोणी सांगितलं होतं का मग, तो मेला म्हणून? मी हो म्हणालो. एटापल्लीकडच्या एकाने सांगितलं, असंही म्हणालो. इतकं सहज खोटं बोललो की मलाच ते खरं वाटलं. तो म्हणाला, बरं झालं, आता बाईचा जीव टांगणीला नाही. चांद्याला परत आल्यावर मीही चारचौघांत सांगितलं की माझ्या पुस्तकाने एका विधवेच्या मनाला शांती दिली. हे वाक्य आठवलं की अजून मला भर दुपारी घाम फुटतो.

मग अकराव्या वर्षी तो परत आला.

धान कापणीचे दिवस होते. शाळा सुटून घरी आलो तर ओट्यावर खाकी कोट घातलेला एक उंच, वाळलेला माणूस बसला होता. माझ्या बायकोने त्याला पाणी दिलं होतं. त्याने नाव सांगितलं, मला ओळख लागली नाही. गाव सांगितलं, तेव्हा लागली. मला आनंद झाला नाही, भीती वाटली. पहिला विचार आला तो परीक्षणाचा.

तापातून तो कसाबसा उठला होता. छावणी हलली होती. एका मुकादमाने त्याला चहाच्या मळ्यावर नेलं, आणि आलेल्या माणसाला मळा सहज सोडत नाही. एक पत्र त्याने तिथल्या कारकुनाकडून लिहवून घेतलं होतं, ते कुठे गेलं देव जाणे. दर वर्षी पुढल्या वर्षी निघू म्हणत अकरा वर्षं गेली. गावात पोचला तेव्हा पोरांनी भूत म्हणून दगड मारले. भाऊ दारात उभा राहिला आणि आत ये म्हणाला नाही. बायको कडेवरचं लेकरू घेऊन स्वैपाकघरात गेली आणि बाहेर आली नाही. तो चार दिवस मारुतीच्या देवळात राहिला होता. हे सगळं त्याने न रडता सांगितलं.

"मले वाचता येत नाई, मास्तर," तो म्हणाला. "मी कसा मेलो थे मले वाचून दाखवा."

मी पुस्तक काढलं आणि वाचलं. माझा आवाज बरा होता, वर्गात कमावलेला. तो मान खाली घालून ऐकत होता. संपलं तेव्हा त्याने मान वर केली.

"चांगलं लिवलं जी," तो म्हणाला. "पण तिकडं मोहाचं झाड नाई होत. बांबू आन केळी. अकरा वर्सं झाली, मले मोहाचा वास नाई आला. आन टिनाचा मग तं माह्याकडं कधीच नव्हता."

मी आसाम पाहिलेलं नव्हतं. मला झाड लिहायचं होतं आणि माझ्या हाताला आमच्याच जंगलातलं झाड लागलं. गडचिरोलीच्या माणसाला मी गडचिरोलीच्याच झाडाखाली पुरलं. नागपूरच्या परीक्षणकर्त्याला ते कळायचं कारण नव्हतं, पण या माणसाने एका ऐकण्यात ते पकडलं.

त्याला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. रविवारी पंच बसणार होते. मी यावं आणि हे मी मनाने लिहिलं असं सांगावं. बस, एवढंच. त्याला माझ्यावर फिर्याद करायची नव्हती, पुस्तक फाडायचं नव्हतं. मी येतो म्हणालो. माझ्या बायकोने त्याला जेवायला वाढलं, आणि तो गेल्यावर मला म्हणाली की मास्तर म्हणून नव्हे, माणूस म्हणून जा. मी चिडलो. माणूस म्हणूनच जाणार होतो, असं मला वाटत होतं.

रविवारी देवळापुढे सगळं गाव होतं. पंचांत वयाने मोठे असे एक कास्तकार होते, पांढऱ्या मिशांचे, बोलायला सावकाश. त्यांनी प्रश्न इतका नीट मांडला की तेवढा मला पुढे कुठल्या सभेत कोणी मांडलेला आठवत नाही. ते म्हणाले, बातमी कोणी खोटी रचली असेल तर तिच्यावर केलेला विधी आम्ही धरत नाही. मग पुतळा जाळला तो काड्यांचा ढीग, आणि लावलेला पाटही नाही. बाई याची, वावर याचं. पण बातमी खरेपणाने आली आणि चुकली असेल, तर विधी झाला तो झाला, आणि मग याला शास्त्राप्रमाणे पुन्हा जन्माला घालावं लागेल. म्हणजे सगळं माझ्या एका उत्तरावर आलं. भाऊ पुस्तक उराशी धरून बसला होता. तो लबाड होता असं म्हणायला मला आवडलं असतं. पण अकरा वर्षं त्याने त्या घराला धान घातलं होतं, आणि त्याच्या मांडीवर दीड वर्षाची पोर झोपली होती. ढीमर कडेला, चपला काढून बसला होता.

"मास्तर, तुमाले हे कोणी सांगतलं," म्हातारे म्हणाले, "का तुमच्या मनानं लिवलं?"

मी पुस्तकाकडे पाहिलं. जिल्ह्यातल्या शाळांच्या वाचनालयांसाठी ते त्या महिन्यात निवडलं जायचं होतं आणि हेडमास्तरांनी मला तसं कानात सांगितलं होतं. खोटं पुस्तक कोण घेतं? आणि मनाने लिवलं म्हटलं असतं तर चांद्यापासून नागपूरपर्यंत सगळ्यांनी पुन्हा जिभा बाहेर काढल्या असत्या. त्या मांडीवरच्या पोरीचा विचार करून मी गप्प बसलो, असं मी नंतर स्वतःला समजावलं. तो विचार मला दुसऱ्या दिवशी सुचला. त्या क्षणी मी फक्त माझा विचार केला.

"मला जसं सांगितलं तसं मी लिहिलं," मी म्हणालो.

कोणी सांगितलं, त्यांनी विचारलं. एटापल्लीकडचा माणूस सांगावा तर त्याचं नाव विचारतील, आणि नाव नव्हतं. मी ढिमराकडे हात केला.

तो उभा राहिला. आपण फक्त तापात मागे राहिला एवढंच बोललो, झाडाचं बोललो नाही, मगाचं बोललो नाही, असं त्याने सांगितलं. मास्तरांनीच मला एटापल्लीकडच्या कोणाचं तरी सांगितलं होतं, असंही तो म्हणाला. तो परत आलेला माणूसही म्हणाला की तिकडे मोहाचं झाडच नाही. पण एका बाजूला ढीमर होता आणि दुसऱ्या बाजूला छापलेलं पान होतं, आणि पानामागे शाळेचा मास्तर उभा होता. गाव कोणाचं ऐकणार? कोणीतरी म्हणालं, डोंगेवाल्यांना गोष्टी फुगवायची सवयच असते. लोक हसले. ढीमर खाली बसला. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग मान हलवली आणि निकाल दिला. बातमी खरेपणाने आली होती.

परत जाताना नदीला दुसरा डोंगा नव्हता. मी ढिमराच्याच डोंग्यात बसलो. काठ जवळ आला तेव्हा त्याने विचारलं.

"मी तुमाले तो मेला असं सांगतलं होतं का, मास्तर?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग तिथी काऊन नाई बोलले?"

तो दोराने डोंगा बांधायला लागला. मी उतरलो आणि मोटारीची वाट पाहत बसलो. तासभर तिथेच होतो, तरी त्याने पुन्हा माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी विधी होता आणि मला आग्रहाचं बोलावणं होतं. जायला नको होतं. पण न जाणं म्हणजे कबुली दिल्यासारखं झालं असतं, म्हणून गेलो. या वेळी डोंगा दुसऱ्याचा होता.

पुतळा जाळलेला माणूस परत आला तर काय करायचं, याची तजवीज आपल्या शास्त्रकारांनी करून ठेवलेली आहे, त्यांनी कशाची ठेवली नाही? त्याला पुन्हा जन्म द्यायचा. पूर्वी म्हणे तुपाच्या हौदातून काढत. गावात तेवढं तूप कुठलं? भटजीने गुरांच्या पाणी प्यायच्या लाकडी डोणीत त्याला पाय पोटाशी घेऊन बसवलं, अंगाला तुपाचं बोट लावलं, मंत्र म्हटले आणि बाहेर काढून आंघोळ घातली. चाळिशीला आलेला माणूस, खांद्यावर आसामच्या लाकडांचे घट्टे पडलेला. मग बारसं. पाळण्यात मावेना, म्हणून पडवीच्या आढ्याला धोतराची झोळी बांधली आणि तो तीत क्षणभर टेकला, पाय जमिनीला लागत होते. बायांनी पाळणा म्हटला. काही जणी तोंडाला पदर लावून हसत होत्या, काही रडत होत्या. नवं नाव ठेवलं. जुनं नाव पुन्हा कोणी घ्यायचं नाही, असं भटजीने तीनदा सांगितलं.

त्याने हे सगळं निमूटपणे करू दिलं. त्याला वाटत होतं की हे झालं की घरात घेतील. त्याला कोणी तसं सांगितलंही होतं. आणि घरात घेतलं, खोटं नाही.

पण आज जन्मलेल्या माणसाला बायको कुठून असणार? वावर तरी कुठून? ते सगळं त्या मेलेल्याचं होतं आणि मेलेल्याच्या वारसाला मिळालेलं होतं. आज जन्मलेला हा भावाच्या पाठचा ठरला. घरातला सगळ्यात धाकटा भाऊ. भटजीने हे हिशोब मांडावा तसं मांडलं आणि पंचांनी माना डोलावल्या. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याला ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा चष्मा पुसत होतो.

मग पंगत बसली. पाहुणा म्हणून मला मानाच्या जागी बसवलं आणि ज्याचं बारसं त्याला माझ्या शेजारी. पत्रावळी मांडल्या. आजवर दाराआड राहिलेली ती बाई भाताचं टोपलं घेऊन बाहेर आली, कारण घरची कर्ती तीच होती. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. ती वाढत वाढत आली. माझ्या पत्रावळीवर भात वाढला. मग त्याच्यापुढे उभी राहिली. तिच्या सासूच्या वयाच्या एका बाईने मागून तिला हळूच काहीतरी सांगितलं, कसं बोलायचं ते.

"भाऊजी, भात घ्या," ती म्हणाली.

तो पत्रावळीकडे पाहत राहिला. सगळी पंगत थांबली होती.

"वाढा, वयनी," तो म्हणाला.

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. पंच समोर बसले होते, म्हातारे माझ्याकडेच पाहत होते, आणि एक वाक्य पुरलं असतं. मी भातावर वरण घेतलं आणि जेवायला सुरुवात केली.